डॉक राहणार की जाणार?

१७ जून २०१०. लॉस एंजेलिसच्या स्टेपल्स सेंटरमध्ये लेकर्स आणि बोस्टन सेल्टिक्स यांच्यातल्या, एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगच्या अंतिम मालिकेचा सातवा आणि शेवटचा सामना. भारतात तेव्हा १८ तारखेची सकाळ होती. तिसऱ्या सत्रात बोस्टन १३ गुणांनी पुढे होतं. लेकर्सच्या कोबी ब्रायंटचा नेम काही केल्या लागत नव्हता. रात्रभरात त्याचे २४ पैकी फक्त ६ फटके बास्केटमध्ये गेले. तरीही लेकर्सनी सामना ८३–७९ असा काढला. कारण साधं होतं. नेम चुकून परत उसळलेला चेंडू, म्हणजे रिबाउंड, लेकर्सच्या हाती ५३ वेळा लागला आणि बोस्टनच्या हाती ४०. बोस्टनचा धिप्पाड सेंटर केंड्रिक पर्किन्स आदल्या सामन्यात गुडघा दुखावून बाहेर बसला होता आणि त्याच्या जागी उभा होता ३५ वर्षांचा रशीद वॉलेस. चौथ्या सत्रात या संघाचे पाय उचलत नव्हते, हे टीव्हीवरसुद्धा दिसत होतं.

या सामन्याची एक गंमत फारशी कुणी सांगत नाही. त्या रात्री दोन्ही बाकांवर बसलेल्या कोचांपैकी एकाचंही पुढच्या वर्षीचं नक्की नव्हतं. लेकर्सचे फिल जॅक्सन ६४ वर्षांचे, करार संपत आलेला, तब्येत कुरकुरणारी. बोस्टनचे डॉक रिव्हर्स ४८ वर्षांचे. करार शाबूत होता, पण बायको-मुलं फ्लोरिडात ऑर्लँडोजवळ आणि हे बोस्टनला. मुलं शाळा-कॉलेजात बास्केटबॉल-व्हॉलीबॉल खेळत होती आणि बाप त्यांचे सामने सुट्टीच्या दिवशी विमानानं जाऊन जमतील तेवढे पाहत होता. पुढचे दोन आठवडे बोस्टनच्या क्रीडा-रेडिओवर आणि दारूच्या गुत्त्यांत एकच विषय होता: डॉक राहणार की जाणार? आणि त्याच्या पोटात दडलेला दुसरा, जरा बोचरा प्रश्न: राहून तरी या म्हाताऱ्यांचं काय करणार?

म्हातारे म्हणजे कोण, तर केविन गार्नेट आणि रे अ‍ॅलन, दोघंही ३४ वर्षांचे, आणि पॉल पियर्स ३२ वर्षांचा. बँकेत हे वय बढतीचं असतं. वर्षाला ८२ सामने, वर प्लेऑफ, आणि दर दोन दिवसांनी नवं शहर असलेल्या या लीगमध्ये ते निवृत्तीच्या कागदांचं असतं. गार्नेटचा उजवा गुडघा २००९ साली गेला होता आणि परत आला तो पूर्वीचा नव्हता. संघात तरुण म्हणावा असा मुख्य खेळाडू एकच, २४ वर्षांचा राजॉन राँडो.

चाहत्यांच्या भांडणात शिरण्याआधी या खेळात कोच नावाच्या माणसाच्या हातात काय असतं ते पाहायला हवं, कारण आपली नजर क्रिकेटला सरावलेली असते. क्रिकेटमध्ये मैदानावर कर्णधाराचं चालतं. कोच ड्रेसिंग रूममध्ये. बास्केटबॉलमध्ये कोच रेषेला चिकटून उभा असतो. कोणते पाच जण खेळतील, कोण कधी बाहेर येईल, प्रतिस्पर्ध्याच्या कुठल्या माणसाला कोण अडवेल, टाइमआउट कधी घ्यायचा आणि त्या मिनिटभरात पाटीवर कुठली चाल काढायची, हे सगळं त्याचं. डॉकची ख्याती याच शेवटच्या गोष्टीत होती. टाइमआउटनंतरची त्याची पहिली चाल प्रतिस्पर्धी संघ धास्तावून पाहायचे.

पण संघात माणसं आणायची कोणती, हे त्याच्या हातात नसतं. ते काम जनरल मॅनेजरचं. बोस्टनला तो होता डॅनी एन्ज, १९८०च्या दशकात सेल्टिक्सकडूनच दिग्गज लॅरी बर्डबरोबर खेळलेला. डॉकच्या नशिबाचा निम्मा हिशेब या माणसाच्या खात्यावर मांडावा लागतो.

एक आकडा पुन्हा पुन्हा सांगण्यासारखा आहे. २००६–०७च्या हंगामात डॉकच्या सेल्टिक्सनी २४ सामने जिंकले आणि ५८ हरले. त्यात सलग १८ पराभव होते. डॉकला हाकला, अशी ओरड तेव्हा गावभर होती. या माणसाला खेळ कळत नाही, तरुण मुलं घडवता येत नाहीत, बदल्या कधी करायच्या याचं भान नाही, असं लोक छातीठोकपणे म्हणत होते. पुढच्या वर्षी त्याच कोचच्या हाताखाली संघानं ६६ जिंकले आणि १६ हरले. एका वर्षात ४२ विजयांची वाढ एनबीएच्या इतिहासात आधी कुणी केली नव्हती. १७ जून २००८ रोजी लेकर्सचा १३१–९२ असा चुराडा करून बोस्टननं २२ वर्षांनी करंडक घरी आणला. मधल्या काळात कोचच्या डोक्यात काही नवा मेंदू बसवला नव्हता. एन्जनं त्या उन्हाळ्यात सिअ‍ॅटलहून अ‍ॅलनला आणि मिनेसोटाहून गार्नेटला उचलून आणलं होतं, एवढंच.

म्हणजे कोच काहीच करत नाही? इथं माझी आणि आकड्यांच्या भक्तांची वाट वेगळी होते. चांगला संघ कोचला चांगलं ठरवतो हे खरं. पण संघ म्हातारा होऊ लागला की कोचची खरी कारागिरी दिसायला लागते, कारण तोपर्यंत जे खेळाडूंच्या अंगातल्या ताकदीवर निभत होतं ते आता हिशेबानं निभवावं लागतं. आणि नेमक्या याच काळात त्याचं भवितव्य त्याच्या हातातून निसटतं. बोस्टनच्या चाहत्यांचं भांडण या दोन गोष्टींची सरमिसळ झाल्यामुळे कधी मिटलं नाही.

त्या हिशेबाचा उत्तम नमुना म्हणजे २००९–१०चा तोच हंगाम. नाताळापर्यंत संघ २३ विजय आणि ५ पराभव अशा थाटात होता. त्यानंतरच्या ५४ सामन्यांत २७ जिंकले, २७ हरले. लोकांनी तेरावं घालायची तयारी केली. डॉकनं मात्र ठरवून टाकलं होतं की एप्रिलमध्ये आपण पूर्व विभागात दुसरे असलो काय नि चौथे असलो काय, मे महिन्यात गार्नेटचा गुडघा धड असला पाहिजे. त्यासाठी सराव कमी केले, मोठ्या खेळाडूंना बाकावर जास्त बसवलं आणि हरल्याबद्दलच्या शिव्या खाल्ल्या. मिनेसोटात गार्नेट सामन्याला सरासरी ३८–३९ मिनिटं खेळायचा. डॉकनं ते त्या वर्षी ३०वर आणलं होतं. चौथ्या क्रमांकावरून प्लेऑफमध्ये शिरलेल्या या संघानं मायामीला उडवलं, लेब्रॉन जेम्सच्या ६१ विजयांच्या क्लीव्हलंडला सहा सामन्यांत गारद केलं, ऑर्लँडोलाही तसंच.

याच हंगामातली एक गोष्ट डॉकच्या पद्धतीचं दर्शन घडवते. फेब्रुवारीत संघ लेकर्सशी खेळायला लॉस एंजेलिसला गेला होता. सामना झाल्यावर डॉकनं ड्रेसिंग रूममध्ये प्रत्येकाकडून १०० डॉलर मागितले. खेळाडू, सहायक, सामान सांभाळणारे, सगळ्यांकडून. जमलेले २,६०० डॉलर एका पाकिटात घालून त्यानं छताची एक फरशी सरकवली आणि वर ठेवून दिले. पैसे परत हवेत? मग इथं परत यावं लागेल. त्या हंगामात बोस्टनला लॉस एंजेलिसला पुन्हा यायचं एकच निमित्त उरलं होतं, अंतिम मालिका. जूनमध्ये ते आले आणि पाकीट जागच्या जागी सापडलं. २७–२७च्या रडकथेतून चाललेल्या, करोडो डॉलर कमावणाऱ्या माणसांना १०० डॉलरसाठी ईर्ष्येला पेटवायचं, हे काम पाटीवरच्या चालीपेक्षा सोपं नाही. याच माणसानं २००७ साली ‘उबुंटू’ (आपण आहोत ते एकमेकांमुळे) हा दक्षिण आफ्रिकेतला शब्द आणून तीन मोठ्या अहंकारांना एका ओळीत बसवलं होतं.

तर २०१०च्या जूनअखेरीस डॉकनं राहायचं ठरवलं. दुसऱ्याच दिवशी, १ जुलैला, फिल जॅक्सननंही आणखी एक वर्ष राहतो म्हणून सांगितलं. ११ विजेतेपदांचा धनी असलेल्या जॅक्सनचं काय झालं ते लगेच दिसलं: २०११च्या मे महिन्यात डॅलसनं लेकर्सना सलग चार सामन्यांत धुतलं आणि तो माणूस निवृत्त झाला. एक वर्ष जास्त थांबल्याची किंमत ही अशी असते. डॉकनं उलट मायामीकडून हरल्याबरोबर पाच वर्षांचा, ३ कोटी ५० लाख डॉलरचा नवा करार केला. चाहत्यांचा जीव भांड्यात पडला. हा घाईचा आनंद होता, असं आज म्हणता येतं, पण तेव्हा मीही असतो तर टाळ्या वाजवल्या असत्या.

आता त्या बोचऱ्या प्रश्नाकडे वळू. एवढं कळत होतं तर संघ तरुण का केला नाही? आपल्याकडच्या नव्या चाहत्यालाही हे कोडं पडतं. मालक श्रीमंत, बोस्टनसारखं शहर, मग दोन ताजे खेळाडू विकत घ्यायला काय झालं?

एनबीएत पैसे असून भागत नाही. प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा असते, तिला सॅलरी कॅप म्हणतात. २००९–१०मध्ये ती सुमारे ५ कोटी ८० लाख डॉलर होती, आणि गार्नेट, पियर्स, अ‍ॅलन या तिघांचेच पगार मिळून जवळपास तेवढे भरत होते. मर्यादा ओलांडलेल्या संघाला बाहेरचा मोठा खेळाडू सरळ करारानं घेता येत नाही. किरकोळ सवलतींत बसेल तेवढंच. मात्र स्वतःचाच जुना खेळाडू ठेवायचा असेल तर मर्यादा ओलांडायला मुभा आहे. १९८०च्या दशकातल्या या मुभेला लॅरी बर्डचंच नाव चिकटलं आहे. परिणाम काय? पियर्सला आणखी चार वर्षांसाठी सुमारे ६ कोटी १० लाख देता येतात, पण पियर्सला सोडून तेवढ्याच पैशात २५ वर्षांचा कुणी आणता येत नाही. नियमच म्हाताऱ्याला धरून ठेवायला लावतो.

दुसरा दरवाजा ड्राफ्टचा. कॉलेजातून आणि परदेशातून येणाऱ्या नव्या मुलांची निवड दर जूनमध्ये होते आणि ज्यांनी आदल्या वर्षी सपाटून मार खाल्ला त्यांचा नंबर आधी लागण्याची शक्यता जास्त, म्हणून तिथं चिठ्ठ्या टाकतात. म्हातारा पण अजून बरा खेळणारा संघ ५० सामने जिंकतो आणि रांगेच्या शेपटाला जातो. २०१०मध्ये बोस्टनचा नंबर १९वा लागला. मिळाला एव्हरी ब्रॅडली, बचावात पक्का, पण संघाचं नशीब पालटेल असा नव्हे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? शिवाय शेवटच्या क्रमांकाच्या आसपास राहूनही चिठ्ठी दगा देते. २००७मध्ये बोस्टन लीगमधला दुसरा सर्वांत वाईट संघ होता, सगळ्यांचे डोळे केविन ड्युरँटवर लागले होते, आणि नंबर निघाला पाचवा.

या सगळ्या बंद दरवाजांमध्ये उघडा राहतो तो एकच. कोचचा पगार सॅलरी कॅपमध्ये धरत नाहीत. त्याला काढायला ना मर्यादेची अडचण, ना समोरच्या संघाची संमती. म्हणून संघ घसरला की पहिलं खापर कोचच्या डोक्यावर फुटतं. तो सगळ्यात दोषी असतो म्हणून नव्हे, तो सगळ्यात सहज बदलता येतो म्हणून. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे हे २०१३पासून सॅक्रामेंटो किंग्जच्या मालकांमधले प्रमुख. त्यांनी २०१४च्या डिसेंबरात माइक मलोन या कोचला काढलं तेव्हा संघाचा हिशेब ११ विजय, १३ पराभव असा होता आणि संघातला सर्वांत मोठा खेळाडू डीमार्कस कझिन्स आजारपणामुळे खेळत नव्हता. मलोननं २०२३मध्ये डेन्व्हरला पहिलंवहिलं विजेतेपद मिळवून दिलं. रणदिव्यांना हसायचं कारण नाही. डेन्व्हरनंही त्याला २०२५च्या एप्रिलमध्ये, हंगामाचे तीन सामने उरले असताना, घरी पाठवलं.

बोस्टनची गोष्ट उलटी होती. इथं कोचला कुणी काढू पाहत नव्हतं. संघाला काढायचं की कोचला जाऊ द्यायचं, एवढाच पेच होता. आणि एन्जच्या मनात या बाबतीत काय आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण त्यानं स्वतःच जुनी गोष्ट सांगितली होती. १९८०च्या दशकाच्या शेवटी बर्ड आणि केविन मॅकहेल यांची शरीरं बोलायला लागली होती. रेड आउरबाखकडे (सेल्टिक्सला घडवणारा हाच तो म्हातारा, कोच म्हणून नऊ विजेतेपदं) दोघांसाठी चांगले सौदे येत होते: बर्डच्या बदल्यात इंडियानाकडून चक पर्सन आणि आणखी दोघं, मॅकहेलच्या बदल्यात डॅलसकडून डेटलेफ श्रेम्फ आणि सॅम पर्किन्स. रेडनं नकार दिला. खेळाडू असलेल्या एन्जला तेव्हाच वाटलं होतं की विकायला हवं. १९८९च्या फेब्रुवारीत विकला गेला तो एन्ज स्वतः. बर्ड पाठ धरून १९९२मध्ये निवृत्त झाला आणि बोस्टनच्या पदरी काही पडलं नाही. त्यात नियतीनं वार केले ते वेगळेच. १९८६मध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडलेला लेन बायस दोन दिवसांत वारला आणि १९९३मध्ये कर्णधार रेजी लुइस गेला. पण एन्जनं धडा घेतला तो निष्ठेच्या किमतीचा. म्हणजे चाहते ‘डॉक राहील का’ म्हणून भांडत होते तेव्हा वरच्या मजल्यावरचा माणूस वेगळीच बेरीज करत बसला होता.

सेल्टिक्सच्याच घराण्यात यापेक्षाही जुना दाखला आहे. १९६९मध्ये बिल रसेल ३५ वर्षांचा होता आणि एकाच वेळी संघाचा सेंटरही होता, कोचही. चौथ्या क्रमांकावर रखडत आलेल्या त्या थकलेल्या संघानं लॉस एंजेलिसमध्ये जाऊन सातवा सामना १०८–१०६ असा जिंकला. लेकर्सच्या मालकानं विजयोत्सवासाठी छताला हजारो फुगे टांगून ठेवले होते ते तसेच राहिले. मग रसेल खेळातूनही गेला आणि कोचपदावरूनही. पुढच्या वर्षी बोस्टननं ३४ जिंकले, ४८ हरले.

डॉकच्या बाबतीत शेवट असा एका झटक्यात आला नाही, आणि त्यामुळेच तो जास्त दुखला. २०११च्या फेब्रुवारीत एन्जनं पर्किन्सला ओक्लाहोमा सिटीला धाडून जेफ ग्रीनला आणलं. ड्रेसिंग रूममध्ये लोक रडले, चाहते अजूनही त्या दिवसाच्या नावानं बोटं मोडतात. २०११–१२चा हंगाम टाळेबंदीमुळे ६६ सामन्यांचा झाला. अर्ध्या वाटेवर संघ १५–१७ असा लोळत होता. डॉकनं दोन गोष्टी केल्या. गार्नेटला सेंटरवर नेलं, जिथं धावणं कमी आणि अनुभव जास्त लागतो; आणि अ‍ॅलनच्या जागी सुरुवातीच्या पाचांत ब्रॅडलीला घेतलं. संघ सावरला, मायामीशी पूर्व विभागाच्या अंतिम मालिकेत ३–२ असा पुढे गेला. सहाव्या सामन्यात बोस्टनमध्येच, आता मायामीकडून खेळणाऱ्या लेब्रॉननं ४५ गुण ठोकले. सातवा मायामीत हरले.

या दोन बदलांतच कोचच्या कामाची अडचण दिसते. दोन्ही निर्णय खेळाच्या दृष्टीनं अचूक होते. पण पहिल्यानं एक म्हातारा तरला आणि दुसऱ्यानं दुसरा दुखावला. जुलैत बोस्टननं अ‍ॅलनला दोन वर्षांसाठी १ कोटी २० लाख डॉलर देऊ केले. तो वर्षाला साधारण ३० लाख घेऊन मायामीला, म्हणजे ज्यांनी हरवलं त्यांच्याच दारात गेला. तरुण खेळाडूला बाकावर बसवलं तर तो रागानं दुप्पट सराव करतो. ३७व्या वर्षाच्या उंबरठ्यावर असलेल्या, कधी काळी संघाचा चेहरा असलेल्या माणसाला बसवलं की त्याला त्यात स्वतःचा शेवट दिसतो. गार्नेटलाही पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांत खेळणं आवडत नव्हतं. अंगात वारं भरलं की बाहेर ये म्हणणाऱ्या कोचकडे तो ज्या नजरेनं पाहायचा ती नजर डॉकनं सहा वर्षं झेलली.

बोस्टनचे लोक या काळात सारखा सॅन अँटोनिओचा दाखला द्यायचे. टिम डंकन गार्नेटच्याच वयाचा, ग्रेग पॉपोविच १९९६पासून तिथंच, मग त्यांचं कसं चालतं? पॉपोविच तर इतका पुढे गेला होता की २०१२च्या नोव्हेंबरात मायामीशी टीव्हीवरचा मोठा सामना असताना डंकन, पार्कर, जिनोबिली यांना त्यानं सरळ घरी पाठवून दिलं. लीगनं संघाला अडीच लाख डॉलर दंड केला. पण दंड भरायला तयार असलेला मालक असणं हा अर्धाच भाग. पॉपोविचच्या हाती संघनिवडीचीही सूत्रं होती, आणि २०११च्या ड्राफ्टच्या रात्री जॉर्ज हिल देऊन त्यांनी कवाय लेनर्ड नावाचा एक पोरगा घेतला होता. २०१४मध्ये डंकन ३८व्या वर्षी जिंकला तेव्हा अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू हा २२ वर्षांचा लेनर्ड होता. बोस्टनकडे लेनर्ड नव्हता. राँडो होता आणि २०१३च्या जानेवारीत त्याचा गुडघा फाटला.

त्या वर्षी ४१ विजय, ४० पराभव. ८२वा सामना झालाच नाही, बोस्टन मॅरेथॉनमधल्या बॉम्बस्फोटांमुळे तो रद्द करावा लागला. पहिल्याच फेरीत न्यूयॉर्कनं बाहेर काढलं. आता डॉकच्या कराराची तीन वर्षं उरली होती, वर्षाला ७० लाख डॉलर, आणि समोर दिसत होती ती मोडतोड. त्याला पुन्हा २४–५८ पासून सुरुवात करायची नव्हती. लॉस एंजेलिस क्लिपर्सना कोच हवा होता, त्यांच्याकडे ख्रिस पॉल आणि ब्लेक ग्रिफिन हे भरात असलेले खेळाडू होते.

आधी बेत होता गार्नेटलाही बरोबर पाठवायचा. लीगचे आयुक्त डेव्हिड स्टर्न यांनी तो हाणून पाडला: नियमानुसार कोचच्या बदल्यात खेळाडूंचा सौदा होत नाही. करारातून मोकळं करण्याची भरपाई म्हणून ड्राफ्टचा हक्क मात्र घेता येतो; १९९५मध्ये पॅट रायली न्यूयॉर्कला फॅक्सनं राजीनामा देऊन मायामीला गेला तेव्हाही असंच मिटलं होतं. २३ जूनला ठरलं. क्लिपर्सनी बोस्टनला २०१५च्या पहिल्या फेरीतली एक निवड दिली आणि कोच नेला. त्याच आठवड्यात, १८ जूनच्या रात्री, मायामीकडून खेळणाऱ्या रे अ‍ॅलननं अंतिम मालिकेत कोपऱ्यातून तो प्रसिद्ध तीन गुणांचा फटका मारून सॅन अँटोनिओच्या हातातोंडाशी आलेला घास काढून घेतला होता. बोस्टनकरांच्या जखमेवर याहून खारट मीठ कुठून आणणार!

मग भांडण कडू झालं. डॉक पळाला, असं म्हणणाऱ्यांत बिल सिमन्स हा नामांकित क्रीडालेखक आणि कट्टर सेल्टिक्सभक्त पुढे होता. ड्राफ्टच्या रात्री टीव्हीवर तो हे बोलला आणि डॉक त्याच प्रक्षेपणात जोडलेला होता. दोघांची सगळ्यांसमोर जुंपली. पाच वर्षांचा करार करून दोन वर्षांत निघून जाणं हे शोभलं नाही, या म्हणण्यात तथ्य आहे. मुलांजवळ राहायचं म्हणणारा माणूस ऑर्लँडोपासून आणखी दूर, थेट दुसऱ्या किनाऱ्याला गेला, ही टोचणीही खोटी नव्हती. (पुढे २०१५मध्ये डॉकनं स्वतःचा मुलगा ऑस्टिन यालाच क्लिपर्समध्ये आणलं. बापाच्या हाताखाली खेळणारा तो एनबीएतला पहिला खेळाडू.) पण जे लोक त्याला पळपुटा म्हणत होते त्यांतल्याच अनेकांना सहा वर्षांपूर्वी तो नको होता, आणि तो राहिला असता तर त्यानं करायचं काय होतं? म्हाताऱ्यांची मिनिटं मोजण्यात तरबेज झालेला हा गडी. आता मोजायला म्हातारेच उरणार नव्हते. माझ्या मते तो योग्य वेळी गेला, फक्त जाण्याची रीत बरी नव्हती.

कारण चारच दिवसांनी एन्जनं बर्डच्या वेळचा हिशेब चुकता केला. गार्नेट आणि पियर्स ब्रुकलिन नेट्सला दिले आणि बदल्यात २०१४, २०१६ आणि २०१८च्या पहिल्या फेरीतल्या निवडी घेतल्या, वर २०१७ची निवड अदलाबदल करण्याचा हक्क. ब्रुकलिनला वाटलं आपण विजेतेपद विकत घेतलं. त्यांनी नुकत्याच निवृत्त झालेल्या जेसन किडला या म्हाताऱ्यांचा कोच केलं. संघ ४४ सामने जिंकून दुसऱ्या फेरीत मायामीकडून हरला, आणि एका वर्षात किडही मिलवॉकीला निघून गेला. त्याच्या बदल्यात नेट्सना मिळाल्या दुसऱ्या फेरीतल्या दोन निवडी. पियर्सही तेव्हाच सोडून गेला. बोस्टननं ३६ वर्षांच्या, कॉलेजात कोच असलेल्या ब्रॅड स्टीव्हन्सला आणलं आणि पहिल्या वर्षी ५७ सामने मुकाट्यानं हरले.

डॉकच्या बदल्यात आलेली ती निवड २०१५मध्ये २८व्या क्रमांकावर लागली. तिच्यातून आलेला आर. जे. हंटर एका हंगामापलीकडे बोस्टनमध्ये टिकला नाही. ब्रुकलिनच्या निवडींतून मात्र जेलन ब्राउन आला आणि जेसन टेटमही. २०२४मध्ये या दोघांच्या जोरावर सेल्टिक्सनी अठरावं विजेतेपद जिंकलं. तेव्हाचा कोच जो मॅझुला ३५ वर्षांचा होता, रसेलनंतरचा सर्वांत तरुण विजेता कोच. त्याच्या संघातला सेंटर अल हॉरफर्ड त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा होता.